'स्वखुशीने' या शब्दात माझं दीड वर्ष गेलं

औद्योगिक काळातल्या स्थलांतरावर प्रबंध करायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. गिरमीट, म्हणजे परमुलखातल्या मळ्यांवर ठरावीक मुदतीच्या मजुरीचा करार, कसं चाले, 1834 साली 'ॲटलास' जहाजातून 36 मजूर मॉरिशसमधल्या पोर्ट लुईला कसे पोहोचले, हे तुम्ही वाचलेलं असणार. ते परत सांगत नाही.

मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेले मजूर आणि रत्नागिरीहून मुंबईच्या गिरण्यांत आलेले मजूर, अशी तुलना हा माझा विषय. पहिल्याच महिन्यात मी तक्ता आखला. एक रकाना 'सक्तीचे', दुसरा 'स्वेच्छेचे'. मॉरिशसच्या मळ्यांवरचे गुलाम पहिल्यात, 1815पासून तिथे रस्ते बांधायला नेलेले हिंदुस्थानी कैदीही पहिल्यात. गिरणीवाले दुसऱ्यात. आणि गिरमिटिये, म्हणजे गिरमिटावर गेलेले मजूर? करारावर अंगठा आहे, स्वखुशीने जात असल्याची नोंद आहे, म्हणून तेही दुसऱ्यात. शेकडो नावं भरली.

इथे मी फसलो, आणि तुम्हीही फसाल, म्हणून सावकाश सांगतो. 'स्वखुशीने' हा त्या माणसाचा शब्द नाही. 1837च्या कायद्याने मजुराला आणि त्याला नेणाऱ्या एजंटाला सरकारी अधिकाऱ्यापुढे हजर राहणं भाग पाडलं. करार समजला का, जायला राजी आहेस का, हे तिथे विचारायचं. म्हणजे प्रश्न कायद्याचा, लिहिणारा कारकून, आणि मजुराच्या वाट्याला फक्त होकार. आता पुढचं बघा. जो 'नाही' म्हणाला तो जहाजावर चढलाच नाही. मग जहाजाच्या यादीत नकार देणारा सापडणार कुठून? यादीतला प्रत्येक जण राजी आहे, कारण राजी नसलेल्याचं नाव त्या यादीत येतच नाही. मी त्या होकारांची टक्केवारी काढत बसलो होतो. तिला काहीही अर्थ नव्हता.

हे कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. मळेवाल्यांनी हिंदुस्थानी मजूर मागितले तेव्हा ब्रिटनचे वसाहतमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनी 1840 साली 'नव्या गुलामगिरी'ची भीती बोलून दाखवली होती. तो शब्द हाती लागला आणि मी सगळी नावं उचलून सक्तीच्या रकान्यात टाकली. तेही टिकलं नाही. मुदत संपवून गावी आलेले सरदार, म्हणजे मळ्यावरचे मुकादम, आपल्याच भाऊबंदांना घेऊन पुन्हा जहाजावर चढत होते. त्यांना फसवून नेलं, असं कसं लिहू?

वाट घरात सापडली. माझे पणजोबा आगबोटीने मुंबईला आले आणि गिरणीत लागले. आजीला विचारलं, ते मनाने आले की नाइलाजाने? ती म्हणाली, "पोटासाठी आले रे. पण गणपतीला घरी यायचे." दुसरं वाक्य मी कितीतरी दिवस सोडून दिलं होतं.

निघताना काय झालं, यापेक्षा परत फिरता येत होतं का, हे विचारा. मुंबईच्या गिरणीत पगार अडकवून ठेवत, मुकादम दस्तुरी, म्हणजे कामावर ठेवण्याचा हप्ता, घेई, खाडा पडला की पैसे जात. तरी पेरणीला गावी गेलेल्या कामगाराला त्याबद्दल तुरुंग नव्हता. मॉरिशसच्या मळ्यावर महिना पाच रुपयांच्या करारात एका दिवसाच्या खाड्याला दोन दिवसांचा पगार कापत, आणि मळा सोडून गेलात तर तो गुन्हा. पुढे परतीचा फुकट प्रवासही बंद झाला. 1867च्या कायद्याने तर करार संपलेल्या माणसालाही छायाचित्राचा पास जवळ बाळगावा लागे, नाहीतर भटक्या म्हणून अटक. राजीखुशीने गेलेला माणूस तिथे पोचल्यावर अडकू शकत होता. 1912 साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गिरमीट बंद करण्याचा ठराव मांडणारे गोपाळ कृष्ण गोखले मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातलेच. ठराव पडला, पण ते भाषण वाचाच. करारभंगाला फौजदारी शिक्षा आहे, यावर त्यांनी नेमकं बोट ठेवलं आहे.

बाकीचं थोडक्यात. मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधली कागदपत्रं पाहायला परवानगी लागते. तिकीट काढायच्या आधी पत्र पाठवा. गावाच्या जागी 'बॉम्बे' दिसलं तर ते बंदर असू शकतं, गाव समजू नका. मोडी शिका. तयार तक्ते उतरवून घेऊन प्रबंध होत नाही, हे माझं ठाम मत आहे. आणि ज्यांनी वर्षानुवर्षं दप्तरातलं बाड उघडलेलं नाही असे मार्गदर्शक निवडू नका. माझ्या मार्गदर्शकांनी तो दोन रकान्यांचा तक्ता पाहून "छान, पुढे चला" म्हटलं होतं. मला अजून त्याचा त्रास होतो.

पण घाबरू नका. भरलेल्या नोंदी फुकट जात नाहीत. नाव, वय, जहाज, बापाचं नाव, हे सगळं माझ्या कामी आलं. फक्त ते दोन रकाने पुसावे लागले. आता तिथे एकच आहे: परतीचं साल. बऱ्याच नावांपुढे तो रिकामा आहे. सध्या मी त्या रिकाम्या नावांवरच काम करतोय.