इमॅजिकाला फॅमिलीसोबत जाताय? मग हे आधी वाचा

खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं ठरलं की सगळे आधी राइड्सची लिस्ट काढतात, पण माझं ठाम मत आहे की आधी घरातल्या माणसांची लिस्ट काढा, कोणाला उलटंपालटं व्हायची हौस आहे, कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला साध्या झोपाळ्यावर पण गरगरतं, आणि मग त्यावरून दिवस ठरवा.

पहिलं काम म्हणजे मुलांना भिंतीला उभं करून उंची मोजा. तिथे तिकीट असो की राइड, उंचीवरच बघतात, आणि एवढा वेळ लाइनीत उभं राहून पट्टीपाशी गेल्यावर "बाळा, तू नाही बसू शकत" ऐकलं की पोरं असं भोकाड पसरतात की पुढचा अर्धा दिवस कोणाचाच मूड राहत नाही. वेबसाइटवरच्या अटी बघा आणि कशात बसायला मिळणार ते घरीच सांगून टाका.

शक्यतो वीकडेला जा आणि गेट उघडायच्या आधी पोचा. थ्रिल हवं असलेल्यांनी आत शिरल्या शिरल्या सरळ नायट्रो हा रोलरकोस्टर गाठायचा, १३२ फूट उंची, ताशी १०५ किलोमीटर वेग आणि पायाखाली फ्लोअरच नाही, पाय नुसते हवेत लोंबकळतात, त्यामुळे नाश्ता हलकाच करा. तोवर बाकीच्यांनी छोट्यांना घेऊन टबी या हत्तीच्या उडत्या हत्तींच्या राइडकडे जायचं. वेगळे होताना भेटायची जागा आणि वेळ नक्की करा, कारण फोन लॉकरमध्ये असतो आणि मग एकमेकांना शोधण्यातच वेळ जातो.

दुपारी उन्हात फिरू नका, जेवून बंदिस्त राइड्स घ्या. आय फॉर इंडिया आजी-आजोबांना हमखास आवडते, खुर्चीत बसल्या बसल्या भारतभर उडत फिरल्यासारखं वाटतं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून जेवणाचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा. वॉटर पार्क आणि स्नो पार्कचं तिकीट वेगळं असतं, आणि लहान मुलं असतील तर एका दिवसात सगळं उरकायच्या मागे अजिबात लागू नका.

राजासॉरस ही पाण्यातली राइड भिजवते, तेव्हा ती कपडे वाळतील अशा बेताने घ्या, पावसाळ्यात गेलात तर तसंही भिजणारच. लाइनीत मुलांना सांगा की राजासॉरस हा डायनासोर खरंच आपल्याकडचा आहे, गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये त्याला हे नाव मिळालं, मग बघा प्रश्न कसे सुरू होतात!

निघताना सगळ्यांना कोरडे कपडे घाला. पुण्याकडे जाणार असाल तर लगेच घाट लागतो, त्यामुळे मुलांना पोटभर जेवण घाट चढून झाल्यावरच द्या.