बेस गिटारवरची झीज: कृत्रिम कशी आणायची, खरी कशी ओळखायची

जुन्या बेसवरचा प्रत्येक टवका कशाने तरी उडालेला असतो. कुठे हात टेकून, कुठे पट्ट्याचं बकल लागून, कुठे केबलची पिन आपटून. रेलिक केलेला, म्हणजे मुद्दाम झिजवून जुना दिसवलेला बेस फसतो तो इथेच: झीज दिसते, पण ती कशाने झाली हे सांगता येत नाही. म्हणून पॉलिशपेपर हातात घेण्याआधी बेस गळ्यात अडकवा, नेहमीसारखा वाजवा आणि अंगाचा कुठला भाग कुठे लागतो ते खडूने आखून घ्या. त्या खुणांबाहेर फारसं काही करायचं नाही.

फेंडर या गिटार कंपनीच्या कस्टम शॉपने १९९५ मध्ये रेलिक गिटार बाजारात आणले आणि तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. पण बहुतेक लोक गिटारचा नकाशा तसाच बेसवर उतरवतात. तारांखाली पिकने (तार छेडायच्या चकतीने) घासून पडलेले गोलाकार ओरखडे बोटांनी वाजवणाऱ्याच्या बेसवर येणार कुठून? बेसवर रंग आधी जातो तो सर्वांत जाड ‘ई’ तारेच्या बाजूच्या वरच्या कडेवर, जिथे कोपराच्या पुढचा हात टेकतो. अंगठा टेकून पिकअपच्या (तारांचा कंप टिपणाऱ्या चुंबकी भागाच्या) कव्हरची कड गुळगुळीत होते. स्लॅप (तार अंगठ्याने ठोकून, बोटाने ओढून) वाजवणाऱ्याची बोटं नेकच्या टोकाशी, सर्वांत बारीक ‘जी’ तारेखाली खणतात. फेंडरच्या प्रिसिजन बेसचा जॅक (केबलची पिन घालायचं भोक) समोर पिकगार्डवर असल्याने पिनचे ओरखडे भोकाभोवती पडतात. नेक लांब, त्यामुळे हेडस्टॉकचं टोक भिंतीवर आणि झांजांवर आपटतं. तिथले पोचे गिटारपेक्षा जास्त आणि खोल हवेत.

साठच्या दशकातल्या धाटणीचा बेस असेल तर आणखी एक गोष्ट. त्या काळी पिकअप आणि ब्रिजवर धातूची कव्हरं यायची. ती असली तर त्यांच्याखालचा रंग ताजा राहतो, काढली असली तर स्क्रूची भोकं उरतात. फेंडरवर बोट टेकायची पट्टी १९७४ पर्यंत ‘जी’ तारेच्या बाजूला होती, नंतर ती ई तारेकडे आली. साठच्या धाटणीच्या बेसवर ती ई तारेकडे बसवली, तर बाकीची मेहनत वाया जाते.

फिनिश कोणतं ते आधी तपासा

नेक काढा. नेकच्या खाचेत, दिसणार नाही अशा जागी, कापसाचा बोळा अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला तर नायट्रो (नायट्रोसेल्युलोज) किंवा अ‍ॅक्रिलिक लॅकर आहे. काहीच झालं नाही तर पॉली (पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन).

पॉलीवर खरी झीज दाखवणं जवळपास अशक्य आहे. हा थर जाड आणि कडक असतो. तो विरळ होत जात नाही, त्याची खपली उडते आणि कड काचेसारखी उभी राहते. थंडीने त्यावर बारीक भेगाही पडत नाहीत. साठच्या दशकाच्या शेवटी फेंडर पॉलीकडे वळलं, म्हणून नंतरच्या बेसवर आपटून उडालेल्या खपल्या जास्त आणि मऊ झीज कमी दिसते. तुमचा बेस पॉलीचा असेल तर २००० नंबरच्या पॉलिशपेपरने चमक मारा, दोन-चार खपल्या उडवा आणि थांबा. नाहीतर सगळा रंग काढून नायट्रो मारा आणि तो तीन-चार आठवडे सुकू द्या. मधला मार्ग शोधायला जाल तर प्लास्टिक घासल्यासारखं दिसेल.

आता नायट्रोचं काम

क्रम बदलू नका: आधी भेगा, मग पोचे, मग घासणं, शेवटी मळ. भेगा अखंड थरावरच नीट पडतात आणि मळ भेगांत उतरायला हवा.

सगळे भाग उतरवा. पिकअप तर दुसऱ्या खोलीतच ठेवा. स्टील वूलचा चुरा चुंबकाला एकदा चिकटला की निघता निघत नाही. हेअर ड्रायरने बॉडी हाताला कोमट लागेल इतकी तापवा. ड्रायर बंद करा, प्लग काढा आणि तो दूर ठेवा. मग हवेचा दाबबंद कॅन उलटा धरून १०-१५ सेंटीमीटरवरून थोडा थोडा फवारा मारा. टिकटिक आवाज आला की थर तडकतोय असं समजा. यातला बराचसा गॅस ज्वालाग्राही असतो आणि त्वचा गोठवतो, म्हणून हे मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करा. भेगा पडत नसतील तर थर अजून ताजा आहे किंवा लॅकर जास्त लवचिक आहे. ब्लेडने रेघा मारायचा मोह टाळा. सगळ्या सारख्या खोल रेघा लांबूनच ओळखू येतात.

पोच्यांसाठी किल्ल्यांचा जुडगा, बोल्टचं डोकं, विटेचा तुकडा अशा पाच-सहा वेगवेगळ्या वस्तू घ्या. एकाच हातोडीचे पोचे जुळ्या भावंडांसारखे दिसतात.

घासताना ठोकळा वापरू नका. हात मऊ असतो, म्हणून पॉलिशपेपर बोटावर धरा. सुरुवात ३२० ने करा, रंगाखालचा सीलर दिसू लागला की ६०० वर या आणि शेवटी ०००० स्टील वूल. रंग, सीलर, लाकूड असे थर दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्यांत एकमेकांत विरले पाहिजेत. रंगाला लागूनच एकदम कोरं लाकूड दिसलं तर जोर जास्त झाला.

इथेच बरेच जण हात थांबवतात आणि बेस कालच घासल्यासारखा दिसतो. उघडं लाकूड घामाने आणि मळाने काळवंडलेलं असतं. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) तैलरंगात किंचित काळा मिसळून टर्पेंटाइनने पातळ करा, चोळा, दोन मिनिटांनी पुसा, पुन्हा चोळा. चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेटू शकतात. बाहेर पसरून वाळवा.

नेकची पाठ बहुधा पहिल्या ते सातव्या फ्रेटदरम्यान उघडी पडते. हील (नेक बॉडीला जोडतो तो भाग) आणि हेडस्टॉक घासू नका. कोरं मेपल ओलावा शोषून वाकतं, त्यामुळे रंगवल्यावर तेलाचे दोन पातळ हात द्याच. फिंगरबोर्डच्या कडा गोल करताना बेताने. ‘जी’ तारेची कड जास्त खाल्ली तर तार फ्रेटवरून घसरते, आणि ते दुरुस्त करायला फ्रेट बदलावे लागतात.

धातूचे भाग

निकेल लवकर मंद होतं, क्रोम दाद देत नाही; आधी स्कॉचब्राइटने चरे पाडा. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात तळाशी म्युरिअ‍ॅटिक (हायड्रोक्लोरिक) अ‍ॅसिडची वाटी आणि वर जाळीवर भाग ठेवा. फक्त वाफ लागली पाहिजे. दर वीस मिनिटांनी पाहा. हे घराबाहेर, मास्क आणि चष्मा लावूनच. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, वाळवा, तेलाचा हात फिरवा. सॅडलचे (ब्रिजवरच्या तारांच्या टेकूंचे) स्क्रू आणि ट्यूनरचे गिअर यात घालू नका, गंजून जाम होतात. पिकअप तर मुळीच नाही: आतली तार जेमतेम ०.०६ मिलिमीटरची असते, वाफेने ती तुटली की पिकअप मुका.

पिकगार्डला बारीक चरे पाडा आणि बोटं लागतात तिथे थोडा मळ लावा, एवढं पुरे.

खरी झीज ओळखताना

जुना म्हणून विकायला आलेला बेस पाहताना पिकगार्ड काढायला सांगा. खाली रंगाची जास्त गडद, न उडालेली सावली हवी. बॉडी लाकडापर्यंत उघडी आणि फ्रेट मात्र कोरे, असं असेल तर फ्रेट बदलले का ते विचारा. ई आणि ए तारांखाली सुरुवातीच्या फ्रेटवर खाचा नसतील आणि बदलल्याचा पुरावाही नसेल तर संशय घ्या. बॉडी उघडी पण नेकची पाठ चकचकीत, हेही उलटंच. स्क्रूची डोकी बघा: धातू गंजलेला आणि खाचा नव्या, तर डब्यातली वाफ आठवा. आणि खऱ्या जुन्या बेसवर यातलं काहीही करू नका. रेलिक केलेला बेस विकताना तो रेलिक आहे हे पावतीवर लिहून द्या.