अनेक खेळांतील ऑलिम्पिक पात्रतेचा हिशेब एकाच वेळी कसा ठेवावा

ऑलिम्पिकच्या आधीच्या दोन वर्षांत सांघिक खेळांच्या पात्रता स्पर्धा एकमेकींवर येऊन आदळतात आणि नेमक्या त्याच काळात ‘जागतिक क्रमवारीत आपण आठवे आहोत, स्पर्धेत बारा संघ खेळणार आहेत, म्हणजे आपले तिकीट पक्के’ अशी विधाने सर्रास ऐकू येतात. बहुतेक खेळांत हे गणित साफ चुकीचे असते. २०२३ च्या बास्केटबॉल विश्वचषकात पुरुषांच्या गटात लाटव्हिया पाचवा आला, तर अमेरिकेला ११०-१०४ असे हरवणारा लिथुआनिया सहावा. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकचे थेट तिकीट या दोघांपैकी कोणालाच मिळाले नाही; ते मिळाले सतराव्या आलेल्या दक्षिण सुदानला आणि एकोणिसाव्या आलेल्या जपानला. विश्वचषकातून थेट भरायच्या सात जागा खंडांमध्ये आधीच वाटलेल्या होत्या. युरोप आणि अमेरिका खंडांना प्रत्येकी दोन, आफ्रिका, आशिया आणि ओशनियाला प्रत्येकी एक. जर्मनी आणि सर्बिया यांनी युरोपच्या दोन्ही जागा घेतल्यावर तिथे कितवा क्रमांक लागला याला थेट प्रवेशापुरता काही अर्थ उरला नव्हता. पुढच्या जुलैमध्ये लाटव्हिया स्वतःच्याच रिगा शहरातील पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्राझीलकडून हरला, लिथुआनिया सान हुआनमध्ये पोर्टो रिकोकडून हरला, आणि दोघांचीही पॅरिसवारी हुकली.

म्हणून माझे पहिले आणि सर्वांत ठाम सांगणे असे की संघ किती चांगला आहे, हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवावा आणि त्याच्यासाठी कोणत्या मार्गावर किती जागा शिल्लक आहेत, हे मोजायला शिकावे.

मूळ नियमावली मिळवा

प्रत्येक खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ प्रत्येक ऑलिम्पिकसाठी पात्रतेची स्वतंत्र नियमावली प्रसिद्ध करतो. ती काही पानांचीच असते आणि सर्वांना खुली असते. बातम्यांतील सारांशावर विसंबू नये, कारण सारांशात एकूण जागा आणि मुख्य स्पर्धा तेवढ्या येतात. यजमानांच्या जागेबद्दलच्या अटी आणि न वापरलेल्या जागांचे फेरवाटप हे शेवटचे परिच्छेद जवळजवळ नेहमीच गाळले जातात, आणि सगळी गुंतागुंत तर तिथेच असते. नियमावलीत मधल्या काळात दुरुस्त्याही होतात, त्यामुळे आपल्या हातातील प्रतीवरची तारीख पाहून घ्यावी. मागच्या ऑलिम्पिकचे नियम यंदाही लागू असतील असे तर मुळीच धरू नये. पॅरिसमध्ये फुटबॉलला पुरुषांचे १६ आणि महिलांचे १२ संघ होते. लॉस एंजेलिसमध्ये २०२८ साली महिलांचे १६ आणि पुरुषांचे १२ असतील.

तक्ता आखा

एका खेळाच्या एका गटासाठी एक पान, आणि त्यावर प्रत्येक जागेसाठी एक ओळ: जागा कोणत्या मार्गाने भरणार, कोणत्या तारखेला आणि कोणी भरली. संघांची यादी करून त्यापुढे शक्यता लिहू नयेत. ओळ जागेची असावी, संघाची नव्हे.

परत आलेली जागा कुठे जाते, हे आधीच लिहून ठेवा

या टप्प्यावर जाणकारही घसरतात, आणि मलाही तो उलगडायला सर्वाधिक वेळ लागला, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

एकच संघ दोन मार्गांनी पात्र ठरला तर त्याची एक जागा मोकळी होते. यजमान देश खंडीय विजेता झाला, किंवा विश्वविजेत्याने खंडीय स्पर्धाही जिंकली, की हा प्रसंग येतो आणि तो वाटतो तितका दुर्मीळ नाही. ही मोकळी जागा त्याच स्पर्धेतील पुढच्या क्रमांकाच्या संघाला मिळते का, अखेरच्या पात्रता स्पर्धेत एक जागा वाढते का, की ती जागतिक क्रमवारीनुसार दिली जाते? या तीन प्रश्नांचे उत्तर प्रत्येक खेळात वेगळे असते आणि त्या उत्तरावर एखाद्या देशाची चार वर्षांची मेहनत ठरते.

पुरुषांच्या हँडबॉलचे उदाहरण घ्या. पॅरिसच्या बारा जागांपैकी एक यजमान फ्रान्सची, एक २०२३ चा विश्वविजेता डेन्मार्कची आणि एक युरोपियन विजेत्याची होती. जानेवारी २०२४ मधील युरोपियन स्पर्धेत उपांत्य फेरी संपली तेव्हा अंतिम सामना फ्रान्स आणि डेन्मार्क यांच्यातच ठरला. दोघांकडेही ऑलिम्पिकची जागा आधीपासून होती, आणि हँडबॉलच्या नियमानुसार युरोपची जागा त्याच स्पर्धेत पुढच्या संघाकडे सरकत होती. म्हणजे ऑलिम्पिकच्या दृष्टीने अंतिम सामन्यावर काहीच अवलंबून नव्हते आणि स्वीडन-जर्मनी ही कांस्यपदकाची लढत मात्र थेट तिकिटाची झाली होती. स्वीडनने ती ३४-३१ अशी जिंकली आणि पॅरिस गाठले. जर्मनीला मार्चमध्ये हॅनोव्हरच्या पात्रता स्पर्धेतून जावे लागले; पुढे त्याच संघाने ऑलिम्पिकचे रौप्यपदक मिळवले. ज्याच्या तक्त्यात मोकळ्या जागेचा रकाना भरलेला होता, त्याला कांस्यपदकाच्या सामन्याचे वजन दोन दिवस आधीच कळले होते. शिवाय स्वीडनला थेट जागा मिळताच पात्रता स्पर्धेतील त्याचे स्थानही पुढच्या संघाकडे गेले. एक जागा हलली की तिच्यामागे दुसरी हलते, ही साखळी शेवटपर्यंत तपासावी.

आता हॉकी पाहा. टोकियो ऑलिम्पिकसाठी आशियाची थेट जागा २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेतील विजेत्याला मिळणार होती. दोन्ही गटांत जपान जिंकला. महिलांच्या अंतिम सामन्यात त्याने भारताला २-१ असे हरवले, तर पुरुषांच्या अंतिम सामन्यात ६-६ अशा बरोबरीनंतर शूटआऊटमध्ये मलेशियाला. जपान यजमान म्हणून आधीच पात्र होता. हँडबॉलचा नियम इथे लागू असता तर उपविजेते भारत आणि मलेशिया तिथल्या तिथे टोकियोला पोचले असते. हॉकीच्या नियमात मात्र ही जागा उपविजेत्याला न जाता जागतिक पात्रता फेरीत जात होती, म्हणून त्या फेरीतील जागा प्रत्येक गटात सहावरून सात झाल्या. त्यानंतर २०१९ मध्ये भारताच्या महिला संघाने अमेरिकेला पहिल्या सामन्यात ५-१ असे हरवले, दुसरा सामना १-४ असा गमावला आणि एकूण ६-५ अशा निसटत्या फरकाने जागा मिळवली. मलेशियाचा पुरुष संघ ग्रेट ब्रिटनकडून दोन्ही सामने हरला आणि बाहेर राहिला. दोन खेळांतील प्रसंग अगदी सारखा, नियम वेगळा, आणि परिणाम उलटा.

तेव्हा तक्त्यातील प्रत्येक ओळीपुढे ‘ही जागा मोकळी झाली तर कोणाकडे?’ असा रकाना असलाच पाहिजे आणि तो स्पर्धा सुरू होण्याआधी नियमावलीतील वाक्य समोर ठेवून भरला पाहिजे. निकाल लागल्यावर भरायला बसलात तर आपल्याला हवा तोच अर्थ त्या वाक्यात दिसू लागतो. ‘उपविजेता आपोआप जातो’ हा सल्ला देणाऱ्याला खेळाचे नाव आणि नियमाचे कलम विचारावे. बहुतेकांकडे दोन्ही नसतात. नियमावलीतील वाक्य दोन प्रकारे वाचता येत असेल तर दोन्ही अर्थ तक्त्यात लिहून ठेवावेत आणि महासंघाचे स्पष्टीकरण येईपर्यंत त्यातला एकही खोडू नये.

क्रमवारी वाचताना आधी नावे खोडा

काही खेळांत शेवटच्या जागा खरोखरच क्रमवारीने भरतात, पण तिथेही यादी वरून मोजायची नसते. आधी पात्र ठरलेल्या संघांची नावे खोडायची, मग खंडांसाठी राखून ठेवलेल्या जागा काढून घ्यायच्या आणि उरलेल्या जागा उरलेल्या नावांवर मोजायच्या. पॅरिसच्या व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येक गटाच्या पाच जागा जून २०२४ मध्ये, नेशन्स लीग या राष्ट्रीय संघांच्या वार्षिक स्पर्धेची प्राथमिक फेरी संपल्यावरच्या क्रमवारीने भरल्या गेल्या. मात्र ज्या खंडाचा एकही संघ तोवर पात्र ठरला नव्हता, त्याच्या सर्वोत्तम संघाला प्राधान्य होते. पुरुषांत आफ्रिकेचा एकही संघ नव्हता, म्हणून इजिप्त आत आला आणि इतरांसाठी चारच जागा राहिल्या. त्या स्लोव्हेनिया, इटली, अर्जेंटिना आणि सर्बिया यांना मिळाल्या. महिलांत आफ्रिकेबरोबर आशियाही रिकामा होता, त्यामुळे केनिया आणि चीन यांच्यानंतर खुल्या अर्थाने तीनच जागा उरल्या. पाच जागा आहेत असे धरून महिनाभर आकडेमोड करणाऱ्यांचा हिशेब पहिल्याच पायरीवर दोनने चुकलेला होता.

क्रमवारी कोणत्या दिवसाची धरणार, ही तारीख तक्त्यात ठळक लिहावी. व्हॉलीबॉलची क्रमवारी प्रत्येक सामन्यागणिक बदलते, त्यामुळे आजचे स्थान हा फक्त आजचा आकडा असतो. दुबळ्या संघाकडून झालेला एक पराभव बलाढ्य संघाविरुद्धच्या पराभवापेक्षा कितीतरी महाग पडतो, म्हणून उरलेले सामने कोणाशी आहेत, हेही पाहावे. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये तर वरिष्ठ संघाच्या क्रमवारीकडे बघूच नये. ऑलिम्पिकला २३ वर्षांखालील संघ जातो, मोठ्या वयाचे तीनच खेळाडू घेता येतात, आणि पात्रतेच्या स्पर्धाही वयोगटाच्याच असतात.

उलट, मैदानावर संधी हुकली म्हणून नाव खोडण्याची घाईही करू नये. पॅरिससाठी भारताचे तिरंदाजीचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जून २०२४ मध्ये अंताल्या येथील अखेरच्या पात्रता स्पर्धेतून जागा मिळवू शकले नाहीत. त्यानंतर, तोवर पात्र न ठरलेल्या देशांमधील क्रमवारीच्या आधारे दोन्ही संघांना जागा मिळाली.

जे येणारच नाहीत, त्यांना वगळा

२०२३ ची २१ वर्षांखालील युरोपियन फुटबॉल स्पर्धा इंग्लंडने जिंकली, पण इंग्लंड हा ऑलिम्पिकमधील स्वतंत्र देश नाही. त्यामुळे युरोपच्या तिन्ही जागा उपांत्य फेरीतील उरलेल्या स्पेन, इस्राएल आणि युक्रेन यांना मिळाल्या. २०२८ मध्ये क्रिकेट येईल तेव्हा हाच प्रश्न वेस्ट इंडिजबाबत येणार आहे, कारण त्या नावाची राष्ट्रीय ऑलिम्पिक समिती नाही, आणि प्रत्येक गटात संघ फक्त सहा असल्याने एकेका नावाचा फरक मोठा आहे. बंदी असलेले देशही असेच पाहावेत. २०२६ च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या पुरुषांच्या आइस हॉकीत रशियाची जागा फ्रान्सला मिळाली.

संधी मोजा, टक्के नव्हे

संघाची स्थिती लिहिताना मी टक्केवारी वापरत नाही. किती संधी शिल्लक आहेत आणि त्या स्वतःच्या हातात आहेत की दुसऱ्याच्या निकालावर अवलंबून, एवढेच लिहितो. २०२४ च्या २३ वर्षांखालील आशियाई फुटबॉल स्पर्धेत इंडोनेशियाने उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवले तेव्हा त्याच्या हातात तीन संधी होत्या: उपांत्य सामना, तो गेल्यास तिसऱ्या स्थानाची लढत आणि तीही गेल्यास आफ्रिकेच्या संघाशी अखेरचा सामना. उपांत्य सामना उझबेकिस्तानकडून गेला तेव्हा दोन राहिल्या, तिसऱ्या स्थानाची लढत इराककडून जादा वेळेत गेली तेव्हा एक, आणि ९ मे रोजी फ्रान्समध्ये गिनीकडून ०-१ असा पराभव झाल्यावर शून्य. १९८८ पासून सलग खेळत आलेल्या दक्षिण कोरियाला मात्र ती उपांत्यपूर्व फेरीच अखेरची ठरली. दोन्ही संघांची नेमकी अवस्था कोणत्याही दिवशी या एका आकड्यातून कळत होती.

गुण समान झाले तर आपसातला सामना पाहायचा की गोलफरक, हे गटसाखळी सुरू होण्याआधी नियमावलीतून तपासून घ्यावे.

नाव पक्के केव्हा समजावे

जागा संघ मिळवतो, पण ती स्वीकारते त्या देशाची राष्ट्रीय ऑलिम्पिक समिती. रिओ २०१६ साठी दक्षिण आफ्रिकेचे हॉकीचे दोन्ही संघ आफ्रिकेचे विजेते म्हणून पात्र होते. त्यांच्या समितीने खंडीय मार्गाची पात्रता पुरेशी मानली नाही आणि जागा नाकारल्या. पुरुषांची जागा न्यूझीलंडला आणि महिलांची स्पेनला गेली. यासाठी तक्त्यात दोन खुणा कराव्यात, एक जागा मिळाल्याची आणि दुसरी समितीने ती स्वीकारल्याची, आणि दुसरी खूण होईपर्यंत पहिल्या राखीव संघाचे नाव त्या ओळीतून काढू नये.