विदर्भातील परसबागेसाठी हरितगृह निवडताना

हरितगृह म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या प्लास्टिकने मढवलेला अर्धगोल सांगाडा येतो आणि घरामागच्या वाडीत तसाच एक छोटा सांगाडा उभा करावा, असे वाटू लागते. हे रूप थंड देशांत घडले. तेथे रोपाला थंडीपासून जपायचे होते, म्हणून उन्हाची ऊब आत कोंडून ठेवणे हाच त्या घराचा उद्देश होता. नागपूर, वर्धा, अकोला, चंद्रपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. आपल्याला रोप जपायचे असते ते मुख्यतः उन्हापासून, त्यानंतर मुसळधार पावसाच्या माऱ्यापासून आणि किडीपासून. थंडीचा क्रम अगदी शेवटी लागतो. त्यामुळे काय विकत घ्यावे हा प्रश्न नंतरचा असून, आपल्या वाडीत कोणत्या महिन्यात कोणते पीक कशामुळे हातचे जाते, हे आधी कागदावर लिहून काढावे.

सावलीतली शेती आपल्या भागाला नवी नाही. अंजनगाव सुर्जीकडे पानवेल आणि पानपिंपरी पिढ्यान्‌पिढ्या घेतली जाते आणि रामटेकचे पानही प्रसिद्ध आहे. पानमळ्यात शेवरी, हादगा, पांगारा अशा झाडांची विरळ सावली वेलाला मिळते, वाऱ्याला आडोसा असतो आणि जमिनीत ओल टिकते. उन्हाळ्यात अंगणात मांडव घालण्यामागेही हाच विचार आहे. परसबागेतील हरितगृह म्हणजे असाच एक सुधारलेला मांडव, अशी कल्पना केली तर निवडीतील निम्मी गुंतागुंत कमी होते.

बंद प्लास्टिकच्या घरात काय घडते, ते समजून घेणे आवश्यक आहे. ऊन आत शिरते, माती आणि पाने तापतात, त्यांच्यामुळे हवा तापते आणि ती हवा बाहेर पडायला वाट नसल्यामुळे आतच साचत जाते. काचा लावून उन्हात उभी ठेवलेली मोटार आपण सर्वांनी अनुभवलेली आहे. आमच्या वाडीत आम्ही पहिल्या वर्षी असाच एक तयार, चेन लावायचा प्लास्टिकचा तंबू आणून ठेवला होता. विकणाऱ्याने तो बारमाही चालेल असे सांगितले होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्याची चेन उघडायची राहून गेली आणि संध्याकाळी आतला पालक शिजवल्यासारखा मऊ पडलेला आढळला.

मोठ्या व्यापारी हरितगृहांत यावर पंखे आणि ओल्या पॅडची व्यवस्था करतात. तिचे तत्त्व आपल्या घरच्या कूलरचेच आहे, हे विदर्भातील वाचकाला वेगळे सांगायला नको. कूलर मे महिन्याच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, जुलैच्या दमट हवेत निरुपयोगी ठरतो आणि वीज गेली की बंद पडतो. घर गरम झाले तर माणूस अंगणात येऊन बसू शकतो, रोपाला ती सोय नाही. म्हणून परसबागेसाठी यंत्रावर अवलंबून असलेले कोणतेही हरितगृह घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक सांगाडा, तीन पांघरुणे

सर्वांत उपयोगी पडतो तो कायमचा सांगाडा आणि त्यावर ऋतूनुसार बदलता येणारे आच्छादन. होळीच्या सुमारास शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी चढवावी. मृग लागून आभाळ भरू लागले की ती उतरवावी आणि रोपवाटिकेच्या भागावर तेवढे प्लास्टिकचे छत घालून बाजू उघड्या ठेवाव्यात, म्हणजे मिरची, वांगी, टोमॅटो यांची कोवळी रोपे पावसाच्या थेंबांनी झोडपली जात नाहीत आणि त्यांच्या मुळाशी पाणी साचत नाही. दिवाळीनंतर सांगाडा उघडाच राहू द्यावा. हिवाळ्यात दुपारच्या वेळीही सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो आणि भाजीपाल्याला मिळेल तेवढे ऊन हवे असते. एकदा बांधलेली जाळी वर्षभर तशीच ठेवणे ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक आहे. अशा बागेत डिसेंबरमध्ये रोपे लांबुळकी आणि फिकट होतात, फुले कमी लागतात, आणि दोष मात्र बियाण्याला दिला जातो.

जाळीवर लिहिलेली टक्केवारी म्हणजे ती अडवत असलेल्या उन्हाचे प्रमाण होय. बाजारात साधारण ३५, ५०, ७५ आणि ९० टक्क्यांच्या जाळ्या मिळतात. पालक, मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि रोपवाटिका यांना ५० टक्के पुरते. वांगी, मिरची, भेंडी यांसारख्या फळभाज्यांना ३५ टक्क्यांची जाळी अधिक मानवते. ७५ टक्के वा त्यापुढची जाळी माणसांना, गुरांना आणि सावलीतल्या शोभेच्या झाडांना ठीक आहे. दुकानासमोर किंवा अंगणात बांधायला नेतात ती बहुधा हीच दाट जाळी असते. तिचाच उरलेला तुकडा भाजीवर टाकण्याचा मोह टाळावा. रंगांपैकी काळा रंग स्वतः फार तापतो, पांढऱ्या जाळीखाली प्रकाश पसरट आणि सौम्य मिळतो आणि हिरवी सर्वत्र सहज मिळते. निवड करता येत असेल, तर भाजीसाठी पांढरी किंवा हिरवी-पांढरी मिश्र जाळी घ्यावी.

जाळीकडून अपेक्षा किती ठेवावी, हेही सांगितले पाहिजे. ती पानावर पडणारे थेट ऊन कमी करते, माती तापू देत नाही आणि बाष्पीभवन घटवते, परंतु आतली हवा बाहेरच्यापेक्षा फार थंड होत नाही. दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रही उबदार राहिली की टोमॅटोची फुले फळ न धरता गळतात, आणि मे महिन्यात जाळीखालीही हेच घडते. जाळीमुळे झाड जगेल, पण फळ मिळेलच असे नाही. पालेभाज्यांना मात्र तिचा लाभ लगेच दिसतो. उघड्यावर उन्हाळ्यातला सांबार पाने धरण्याआधीच फुलावर येतो. जाळीखाली पेरला तर निदान दोन-तीन खुडे मिळतात, आणि लग्नसराईत त्याचे भाव पाहता एवढ्यानेही समाधान होते.

तिसरे पांघरूण म्हणजे कीटकरोधक बारीक जाळी. आपल्याकडे वाडीच्या कुंपणापलीकडे बहुधा कपाशीच असते. कपाशीवरची पांढरी माशी सहज भेंडीवर येते आणि तिच्यासोबत केवडा रोग येतो. ४० मेशची, म्हणजे एका इंचात ४० छिद्रे असलेली जाळी पांढऱ्या माशीला बऱ्यापैकी अडवते. मिरचीवरचे फुलकिडे त्याहून बारीक असल्यामुळे त्यांतले बरेच आत शिरतात. जाळी जितकी बारीक, तितका वारा कमी आणि आतली उष्णता जास्त, त्यामुळे सगळा सांगाडा तिने मढवू नये. रोपवाटिकेच्या वाफ्यावर कमानी लावून तेवढ्याच भागावर ती घालावी. काकडी, दोडके, कारले आणि भोपळा मात्र अशा बंद जाळीत लावू नयेत, कारण मधमाशी आत आली नाही तर त्यांना फळ धरत नाही. ज्या संकरित काकडीला परागीभवनाची गरज नसते, तेवढीच याला अपवाद आहे.

आकार विहिरीकडे पाहून ठरवावा

जागा किती आहे यावरून आकार ठरवण्याची पद्धत आहे. ती मला चुकीची वाटते. मे महिन्यात रोज किती पाणी देणे शक्य आहे, यावरून आकार ठरवावा. समजा १२ फूट रुंद आणि २० फूट लांब मांडव केला, तर तो सुमारे २२ चौरस मीटरचा होतो. जाळीखाली रोज प्रत्येक चौरस मीटरला ५ लिटर पाणी धरले, तरी ११० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या सात-आठ बादल्या लागतात. ज्या गावात नळाला दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा पाणी येते, तेथे हा हिशेब घरातील स्त्रियांसमोर मांडल्याशिवाय खड्डे खणू नयेत, कारण त्या बादल्या बहुधा त्यांनाच वाहाव्या लागतात. न्हाणीचे पाणी उताराने वाफ्यांपर्यंत आणता येईल अशी जागा मिळाली, तर उत्तम.

रुंदी ठरवताना जाळीच्या थानाचा पन्हाही विचारून घ्यावा. ३ मीटर, म्हणजे जवळजवळ १० फूट पन्ह्याची जाळी सहसा मिळते. मांडवाची रुंदी त्याच्या पटीत, दुमडीसाठी थोडी जागा सोडून ठेवली, तर शिवण कमी लागते, आणि जाळी फाटते ती बहुधा शिवणीवरच. उंची मध्यभागी किमान ९ ते १० फूट असावी. गरम हवा वर चढते. छत डोक्याला लागेल इतके खाली असेल, तर ती रोपांच्या शेंड्यांवरच कोंडते.

दिशेचा विचार करताना आपले अक्षांश लक्षात घ्यावेत. नागपूर सुमारे २१ अंश उत्तरेला आहे आणि २६ मेच्या सुमारास तेथे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, हाही त्याच सुमारास असतो. त्या काळात छताची जाळी सर्वांत महत्त्वाची ठरते. त्याखालोखाल पश्चिमेची बाजू येते, कारण दुपारी दोननंतरचे तिरपे ऊन आणि गरम झळा तिकडूनच येतात. पश्चिमेला जमिनीपर्यंत जाळी सोडावी, पूर्व बाजू सकाळच्या उन्हासाठी मोकळी ठेवावी. पश्चिमेकडे दहा-बारा फुटांवर शेवग्याची किंवा हादग्याची ओळ लावता आली, तर दोन वर्षांत तिचा फायदा दिसू लागतो. बाभळीजवळ मांडव घालू नये. काट्यांनी जाळीची चाळणी होते.

सांगाडा आणि काळी माती

बांबू स्वस्त आहे आणि गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाटकडे सहज मिळतो, परंतु जमिनीत पुरलेला भाग वाळवीमुळे आणि ओलीमुळे दोन-तीन वर्षांत निकामी होतो. पुरायच्या टोकाला डांबर लावावे, किंवा त्याहून बरे म्हणजे लोखंडी पाइपाचा दीड-दोन हात लांबीचा तुकडा जमिनीत पक्का करून त्यात बांबू बसवावा. बांबू बदलायचा झाला तरी खड्डा पुन्हा खणावा लागत नाही. पाच-सात वर्षांचा विचार असेल, तर जस्ताचा मुलामा दिलेले पाइप शेवटी स्वस्तच पडतात.

आपल्याकडे सांगाड्याची खरी परीक्षा जमीन घेते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वीतभर खड्ड्यात रोवलेले खांब पहिल्याच वर्षी कलतात आणि त्यांच्यासोबत जाळी सैल पडते. खालचा मुरूम लागेपर्यंत खणावे. मुरूम फारच खोल असेल, तर किमान अडीच फूट खणून तळाशी मुरूम ठोकून भरावा आणि खांबाभोवती काँक्रीट घालावे. खांबांना चारही कोपऱ्यांत तारेचे ताण द्यावेत. मे-जूनच्या वादळात जाळीतून थोडा तरी वारा निघून जातो. प्लास्टिक मात्र शिडासारखे फुगते आणि सांगाडाच उपटून नेऊ शकते, म्हणून प्लास्टिक चढवले असताना हे ताण दुप्पट असावेत. छताला उतार अवश्य द्यावा. सपाट जाळीवर फेब्रुवारी-मार्चमधील गारांचा थर साचला, तर त्या वजनाने ती मधोमध फाटते.

वानरांचा त्रास असलेल्या गावांत जाळीच्या छतावर भरवसा ठेवू नये; एका हुप्प्याची उडी पुरते. तेथे जाळीखाली एक-एक फुटावर ताणलेल्या तारांचे जाळे घालावे आणि रानडुकरांसाठी खालचे तीन फूट मजबूत लोखंडी जाळी लावावी.

दुकानात

अतिनील किरणांपासून संरक्षण न दिलेली जाळी एका उन्हाळ्यातच चुरचुरीत होते आणि हाताने कुस्करता येते. दुकानदार तोंडी काहीही सांगो, टक्केवारी, दर चौरस मीटरचे वजन आणि टिकाऊपणाची हमी बिलावर लिहून घ्यावी. शेतीच्या शेडनेटसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १६००८ हे मानक आहे. त्याचा पहिला भाग चपट्या पट्टीच्या धाग्याच्या, तर दुसरा गोल धाग्याच्या जाळीसाठी आहे. गोल धाग्याची जाळी महाग असली तरी वाऱ्यात अधिक टिकते. जाळी ताणून पाहावी. धागे सरकून भोके मोठी होत असतील, तर ती परत करावी. रोपवाटिकेच्या छतासाठी २०० मायक्रॉनचे, अतिनील संरक्षण असलेलेच प्लास्टिक मागावे. पेरणीच्या दिवसांत ताडपत्रीच्या दुकानात मिळणारे साधे प्लास्टिक त्याची जागा घेऊ शकत नाही.

शेडनेट आणि पॉलिहाऊससाठी शासनाचे अनुदान महाडीबीटी संकेतस्थळावरून मागता येते, पण त्या योजना शेतावरील उत्पादनासाठी आखलेल्या आहेत. घरामागच्या दोन-अडीचशे चौरस फुटांचा खर्च अनुदान धरून ठरवू नये. सल्ला मात्र जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन अवश्य घ्यावा, आणि वरूड, मोर्शी, शेंदुरजना घाट या बाजूला जाणे झाले तर संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिकांत थोडा वेळ थांबून त्यांची जाळी कशी बांधली आहे, कडा कशा दुमडल्या आहेत आणि दोरी कोठून फिरवली आहे, हे निरखून पाहावे. बांधणीतील बारकावे तेथे अर्ध्या तासात ध्यानात येतात.

मांडव उभा करण्यास जानेवारी सर्वांत सोयीचा आहे. जमिनीत अजून थोडी ओल असल्याने खणणे सोपे जाते, काँक्रीटला पाणी देऊन मुरायला वेळ मिळतो, आणि होळीला जाळी चढवण्याआधी खांब कोठे हलतात ते पाहून दुरुस्त करता येते.