रंगीत पेन्सिलीने काढलेला वाघ मांजरासारखा का दिसतो? या चुका टाळा

वाघाचं पोर्ट्रेट फसलं की बहुतेकांना वाटतं, केस नीट जमले नाहीत. मग टोक आणखी बारीक करून आणखी केस काढत बसायचं! खरी गडबड त्याच्या कितीतरी आधी, चेहऱ्याच्या ठेवणीत आणि उजेड-सावलीत झालेली असते. ते चुकलं की वर कितीही राबलात तरी कागदावर दुकानातला मऊ खेळण्यातला वाघच उरतो.

डोळ्यांपासून बघू

घरच्या मांजराची बाहुली उजेडात उभ्या चिरेसारखी होते. वाघ, सिंह, बिबट्या यांची गोलच राहते, फक्त लहान-मोठी होते. ही एक चूक सुधारली तरी निम्मं मांजरपण जातं. दुसरी चूक आकाराची. वाघाचे डोळे चेहऱ्याच्या मानाने लहान असतात आणि नाक-जबडा भारी. पण डोळे काढायला आपल्याला आवडतात, त्यामुळे ते नकळत मोठे होतात. कच्चं रेखाटन झालं की रंगाला हात लावण्याआधी एका डोळ्याची रुंदी पेन्सिलीवर मोजून घ्या. दोन डोळ्यांच्या मधे ती किती वेळा बसते, डोळ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत किती वेळा, हे ज्या फोटोवरून काढताय त्याच्याशी ताडून पाहा.

बुबुळ एकसारखं पिवळं रंगवू नका. वरच्या पापणीची सावली त्यावर पडते, म्हणून वरचा भाग गडद तपकिरी आणि खालचा सोनेरी. चमकेचा ठिपका अगदी मधोमध आणि पांढराफटक नको. उघड्यावर काढलेल्या फोटोत ते आभाळाचं प्रतिबिंब असतं, त्यामुळे वरच्या बाजूला, थोडं बाहुलीवर थोडं बुबुळावर, आणि किंचित निळसर.

केस

फोटोच्या प्रिंटवर आधी केसांच्या दिशेचे बाण काढा. नाकाच्या शेंड्यापासून केस कपाळाकडे वर जातात आणि तिथे इतके आखूड असतात की रेघा न काढता नुसती छटा दिली तरी चालते. गालांवरचे मात्र लांब, बाहेर आणि खाली झुकलेले. सगळीकडे एकाच लांबीच्या रेघा मारल्या की चेहरा पायपुसण्यासारखा दिसतो.

नुसता नारिंगी घासू नका. खाली क्रीम, वर फिका ऑकर (मातकट पिवळा), मग सिएना (तांबूस तपकिरी), सावलीत थोडा निळसर करडा किंवा जांभळट. हात हलका ठेवा. सुरुवातीलाच जोर दिलात तर कागदाचा खरखरीतपणा भरून जातो आणि पुढचा थर नुसता घसरतो. असं झालंच, तर खोडरबरने रगडू नका, डाग पसरतो. त्या जागी कमी चिकट पारदर्शक पट्टी अलगद ठेवा, वरून पेन्सिलीने केसाच्या दिशेने बारीक रेघ ओढा आणि पट्टी उचला. जिथे रेघ दाबली तिथलाच रंग निघून येतो. गडद भागात फिके केस मिळवायला याहून स्वस्त युक्ती नाही.

पट्टे आणि ठिपके

काळी पेन्सिल थेट पट्ट्यावर फिरवली की भोक पडल्यासारखं दिसतं. गडद तपकिरी आणि इंडिगो (गडद निळा) एकावर एक चढवा, काळा अगदी शेवटी, खोल जागीच. पट्ट्याची कड सरळ रेघेत कापू नका. तीही केसांचीच असते, म्हणून आजूबाजूचे केस तिच्यात घुसू द्या.

कपाळाची डावी बाजू काढून उजवीकडे आरसा धरल्यासारखी उतरवू नका. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि दोन्ही बाजूंना सारखे नसतात. कॅमेरा ट्रॅपच्या (जंगलात लावलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) फोटोंवरून वाघ ओळखतात ते याच आधारावर. ताडोबाची माया किंवा रणथंबोरची मछली अशी एखादी प्रसिद्ध वाघीण काढणार असाल तर ओळखणारे लोक पट्टे बघतील, हे धरून चाला.

बिबट्याच्या अंगावर पाकळ्यांसारखी कडी असतात आणि आत ठिपका नसतो. ठिपका दिसला तर तुमच्या हातात अमेरिकेतल्या जॅग्वारचा फोटो आहे. बिबट्याच्या कपाळावर आणि गालावर मात्र साधे भरीव ठिपके असतात. तिथे कडी काढणं ही हमखास दिसणारी चूक.

मिशा

रंग चढल्यावर पांढऱ्या पेन्सिलीने मिशा काढायला जाल तर त्या दिसणारच नाहीत. कोऱ्या कागदावर बटर पेपर ठेवून संपलेल्या रिफिलने मिशा दाबून घ्या. नंतर रंग फिरवला की त्या खाचा पांढऱ्या राहतात. बटर पेपर वगळू नका, रिफिल संपली वाटते तेव्हाही थोडी शाई सोडते. ही खाच पुसता येत नाही, तेव्हा जागा आधी पक्की करा. मिशा वरच्या ओठावरच्या गडद ठिपक्यांच्या ओळींतून निघतात, मुळाशी जाड असतात आणि टोकाला निमुळत्या होतात. विसरलाच असाल तर पांढरं जेल पेन आहे, पण ते जरा उठून दिसतं.

सामान

शाळेच्या चित्रकलेच्या वहीचा कागद इतके थर पेलत नाही. गुळगुळीत, म्हणजे हॉट प्रेस प्रकारचा, जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) घ्या. पावसाळ्यात तो प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा; दमट कागदात टोक रुततं. मेणाचा आधार असलेल्या रंगीत पेन्सिलींनी केलेल्या गडद भागावर काही दिवसांनी पांढुरकी साय येते. चित्र खराब झालेलं नसतं. मऊ कापडाने हलकेच पुसा आणि मग फिक्सेटिव्हचा (रंग पक्का करणाऱ्या द्रवाचा) पातळ फवारा द्या. फेबर-कॅस्टेलच्या पॉलीक्रोमोससारख्या तेलाचा आधार असलेल्या पेन्सिलींना हा त्रास सहसा नसतो, पण त्या महाग. पूर्ण संच घेण्यापेक्षा लागतील तेवढ्या सुट्ट्या घ्या.