तूप पचत नाही म्हणता? आधी या चुका टाळा

"मला तूप पचत नाही" हे वाक्य मी सतत ऐकते. खोदून विचारलं की बहुतेक वेळा कळतं, तूप भूक नसताना खाल्लेलं असतं, नाहीतर गार अन्नावर, नाहीतर नको तितकं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भूक न बघता तूप घेणं. आयुर्वेद तुपाला अग्नी, म्हणजे पचनशक्ती, वाढवणारं म्हणतो, पण मुळात अग्नी जागा हवा. फुललेल्या निखाऱ्यावर तुपाची धार पडली की जाळ होतो. ओल्या, धुमसत्या चुलीत नुसता धूर. जिभेवर पांढरा थर, तोंडाला चव नाही, अंग जड, म्हणजे पोटात आम, नीट न पचलेल्या अन्नाचा अंश, साठलाय. अशा वेळी तूप बंद.

माझ्या भाच्याने ऐन श्रावणात व्हिडिओ बघून रोज सकाळी उपाशीपोटी दोन मोठे चमचे तूप प्यायला सुरुवात केली. आदल्या रात्रीचं जेवण साडेदहाला, तूप सहाला. पाचव्या दिवशी माझ्याकडे आला आणि पिठलं-भाकरीचं ताट दोन घासांत सरकवलं. ढेकरांना तुपाचा वास. जीभ दाखव म्हटलं, तर चुना फासल्यासारखी. वैद्य पंचकर्माआधी, म्हणजे शरीरशुद्धीच्या उपचारांआधी, स्नेहपान (औषध म्हणून तूप पिणं) देतात ते तीन ते सात दिवस, आणि कालचं पचलं का हे रोज बघून. याने त्यातलं फक्त तूप उचललं, वैद्य वगळला. मी तूप थांबवलं. सुंठ घालून उकळलेलं पाणी, मुगाचं पातळ कढण, रात्रीचं जेवण आठच्या आत. चार दिवसांनी सकाळी तोच म्हणाला, "मावशी, भूक लागलीय." मग गरम मऊ भात, मेतकूट आणि अर्धा चहाचा चमचा तूप. आता दोन वेळच्या जेवणात मिळून दोन चहाचे चमचे खातो आणि छान पचवतो. दोन चमचे म्हणजे साधारण 90 कॅलरी. बैठं काम असणाऱ्याला तेवढं पुरे.

दुसरी चूक घाईची. साय विरजायची नाही, तशीच मिक्सरमध्ये फिरवायची आणि मोठ्या आचेवर तूप काढायचं. अशा तुपाला ना वास येतो ना कणी धरते. मी साय रात्रभर विरजते, घुसळून आलेलं लोणी पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुते आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवते. आधी चरचर येते, ती पाण्याची. ती थांबली, वर बारीक फेस आला, तळाशी बेरी बदामी दिसली की गॅस बंद. उरलेलं काम पातेल्याची धग करते. शेवटी विड्याचं पान टाकते, ते कुरकुरीत झालं की तूप उतरवायचं. चरचर चालू असतानाच उतरवलंत तर पाणी राहतं आणि तूप लवकर खवट होतं. काळ्या बेरीचा जळका वास मात्र गाळूनही जात नाही. या वेळात मी फोनसुद्धा उचलत नाही.

बाकीच्या चुका लहान, पण रोजच्या. तुपाच्या जेवणावर फ्रिजमधलं पाणी नको, कोमट घ्या. डब्यातल्या गार पोळीवर थिजलेलं तूप खाण्यापेक्षा ते घरी गरम वरण-भातावर घ्या. बरणीत ओला चमचा कधीच नाही. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनी काशाच्या भांड्यात दहा दिवस राहिलेलं तूप वर्ज्य सांगितलंय, म्हणून माझ्याकडे काचेची बरणी. मध आणि तूप समान वजनात एकत्र करत नाहीत. मध जड असतो, त्यामुळे चमच्याने मोजलेलं समान वजनाने समान नसतं, हेही ध्यानात ठेवा.

सर्दी-कफ भरलेला असताना किंवा तापात मी तूप देत नाही. पित्ताशयात खडे असतील किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, तर किती तूप चालेल हे आधी डॉक्टरांना विचारा.