सोलापूरहून सायकल रेल्वेने न्यायची तर

सायकल आणि रेल्वे एकाच प्रवासात जमवायची असेल तर पहिला निर्णय दिशेचा. जाताना रेल्वे, येताना सायकल. उलटं केलं की परतीची गाडी डोक्यावर बसते. पंक्चर झालं, वारा समोरून आला, वाटेत कुणी चहाला थांबवलं, की घड्याळ बघणं सुरू. घराकडे तोंड करून निघालेल्याची मात्र कुठलीच गाडी चुकत नाही.

दिशा वाऱ्यावरून ठरवा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणून तेव्हा मोहोळ, माढा, कुर्डुवाडी या बाजूला जाऊन सोलापूरकडे यायचं. थंडीत तो बहुतेक पूर्वेकडून येतो, तेव्हा अक्कलकोट रोडला उतरायचं. हे स्टेशन अक्कलकोट गावापासून दहाएक किलोमीटर लांब आहे. बाकीच्या प्रवाशांना ते गैरसोयीचं वाटतं, आपल्याला तेवढाच मोकळा रस्ता मिळतो. स्वामींचं दर्शन घेऊन सोलापूरला पोचेपर्यंत एकूण 50 किलोमीटरच्या आसपास होतात. गुरुवार मात्र टाळा, गाडीलाही गर्दी आणि गावातही. नवख्याने मोहोळपासून सुरुवात करावी. साधारण 35 किलोमीटर आहे, पण पुणे महामार्ग असल्यामुळे कडेची पट्टी सोडायची नाही. एप्रिल-मेमध्ये यातलं काहीच करू नका. आपलं ऊन अंगावर घेण्यात कसलाही पराक्रम नाही.

आता सायकल गाडीत कशी घालायची. मार्ग दोन आहेत: सामान म्हणून नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात), किंवा खोलून पिशवीत घालून स्वतःजवळ. अंतर आणि गाडी पाहून निवडा. पुण्या-मुंबईला जाताना पहिला, मोहोळ-कुर्डुवाडीसारख्या जवळच्या ठिकाणी दुसरा.

नोंदवून न्यायची असेल तर

आधी गाडी नीट निवडा. हुतात्मा किंवा सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोलापुरातूनच सुटते, त्यामुळे फलाटावर आधी लागते आणि सायकल चढवायला वेळ मिळतो. लांबून येणाऱ्या गाड्या थोडाच वेळ थांबतात आणि तेवढ्यात सगळी धावपळ होते. वंदे भारतला पार्सलचा डबाच नाही, तिचा विचार सोडा. उतरायचं ठिकाणही असं हवं, जिथे गाडी पुरेशी थांबते. दोन मिनिटांच्या थांब्यावर ब्रेकव्हॅन उघडून सायकल काढून मिळेल या भरवशावर निघू नका. आदल्या दिवशी पार्सल ऑफिसात जाऊन विचारून या. फोनवर मिळालेल्या उत्तरापेक्षा खिडकीवरचं उत्तर खरं.

प्रवासाच्या दिवशी तिकीट, आधारची झेरॉक्स आणि सायकलच्या बिलाची झेरॉक्स घ्या. तिकीट दाखवलं तर सायकल ‘लगेज’ म्हणून तुमच्याच गाडीने जाते. तिकीट नसेल तर ती ‘पार्सल’ होते आणि तिची गाडी वेगळी असू शकते. हा फरक खिडकीवर स्पष्ट बोलून घ्या. स्लीपरला 40 किलो, सेकंड क्लासला 35 किलो अशी मोफत सामानाची सवलत आहे, पण ती सायकलला लागू नाही, वेगळे पैसे भरावे लागतात. नियमाने सामान गाडी सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी द्यायचं असतं. मी सांगेन, दीड तास आधी जा.

फॉर्मवर सायकलची किंमत लिहायची जागा असते. बरेच जण ती रिकामी सोडतात. किंमत न सांगितलेलं लगेज हरवलं किंवा मोडलं तर रेल्वेची जबाबदारी किलोला 100 रुपयांपुरती असते. म्हणजे 15 किलोच्या सायकलचे फार तर दीड हजार. सायकल महागाची असेल तर किंमत लिहा आणि त्यावरचा जादा आकार भरा.

सायकल उघडी घेत नाहीत, बांधून द्यावी लागते. गोणपाट, सुतळी आणि दाभण पुरतं. गोणपाटाच्या आत जुनी सोलापुरी चादर गुंडाळा. घराघरात एखादी विरलेली चादर असतेच आणि रंग वाचवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पेडल काढा, हँडल फिरवून फ्रेमला समांतर करा, गिअरवर पुठ्ठा बांधा. नाव, फोन आणि उतरायचं स्टेशन दोन ठिकाणी ठळक लिहा, आधीच्या प्रवासाची चिठ्ठी काढून टाका.

मग स्वतः फलाटावर उभं राहून सायकल डब्यात चढताना बघा. एका स्टेशनावर मी पावती खिशात घालून निश्चिंत बसलो आणि सायकल दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आली. ती रात्र परक्या गावात काढली. तेव्हापासून ती चढल्याशिवाय मी जागेवर बसत नाही. पावती जपा, उतरल्यावर तीच देऊन सायकल मिळते. लगेच घ्या, पडून राहिली तर जागेचं भाडं (व्हार्फेज) लागतं.

पिशवीतून न्यायची असेल तर

मला हाच मार्ग जास्त आवडतो, कारण सायकल डोळ्यांसमोर राहते. पण नियम माहीत हवा: डब्यात 100 × 60 × 25 सेंटिमीटरपर्यंतचं सामान चालतं. घडीची 20 इंची सायकल याच्या जवळपास बसते. पूर्ण आकाराची सायकल चाकं काढूनही उंचीला जास्त भरते. टीसीने हरकत घेतली तर वाद न घालता पैसे भरा, पावती घ्या. सवलतीपलीकडच्या, न नोंदवलेल्या सामानाला सहापट आकार लागू शकतो, म्हणून शंका असेल तर आधीच नोंदवा.

खोलण्याचा क्रम असा. चेन मागच्या सर्वांत लहान चक्रावर आणा, मग मागचं चाक सहज निघतं. पेडल काढताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: उजवं पेडल नेहमीसारखं उलटं फिरवून सैल होतं, डावं मात्र घड्याळाच्या दिशेने. डाव्याला उलट्या बाजूने जोर लावून आटे खराब झालेल्या सायकली मी पाहिल्या आहेत. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या टोकांमध्ये लाकडाचा तुकडा अडकवा, दाबाने ती आत येत नाहीत. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठा ठेवा. चाकं फ्रेमच्या दोन्ही बाजूंना, मध्ये चादर, आणि सगळं पट्ट्याने एकजीव आवळा. घरी दोनदा सराव करा. पहिल्यांदा तासभर लागतो, नंतर पंधरा मिनिटं.

डब्यात चढायचं सर्वांत शेवटी, आजीबाई, पोराबाळांना आधी चढू देऊन. पिशवी उभी करून एखाद्या दांडीला पट्ट्याने बांधा. दार आणि संडासची वाट मोकळी राहिली पाहिजे. पंढरपूरच्या वारीच्या दिवसांत कुर्डुवाडीकडे सायकल घेऊन जाऊच नका, वारकऱ्यांना उभं राहायला जागा नसते.

उतरल्यावर

गर्दी पांगू द्या, मग फलाटाच्या कडेला सायकल जोडा. चाक नीट बसलंय का ते उचलून फिरवून बघा, दोन्ही ब्रेक दाबा, पेडल पुन्हा एकदा आवळा. स्टेशनबाहेर येईपर्यंत सायकल हातात धरूनच चाला.

या पट्ट्यात वेडी बाभूळ रस्त्याच्या कडेला माजलेली आहे. सुट्या ट्यूब दोन घ्या, पंप आणि सोल्यूशन वेगळं. पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा. तुटलेलं टोक आत राहिलं तर नवी ट्यूबही शंभर पावलांत बसते. पाणी तीन लिटर. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी, उन्हात खराब होत नाही आणि पिशवीत चुरडली तरी खाता येते. चादर घडी करून कॅरिअरला बांधा, दुपारी लिंबाखाली टेकायला हीच कामी येते.